झावळ्यांच्या रविवारचे झेंडे

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी हाती झावळ्या घेऊन मिरवणूक निघणार, तोच आमदार बस्त्यावशेठ चर्चच्या अंगणात पक्षाचे झेंडे वाटू लागले. फादर मिंगेल हादरलेच.

“देवाच्या दारात राजकारण?” अर्धा गाव खवळला. “मग आमदार काय देवाचं लेकरू नाही?” आमदारांच्या बाजूचा उरलेला अर्धा अंगावर धावून आला.

“झावळीसोबत झेंडाही हलू दे, फादर!” आमदारांनी फर्मावलं.

“हलू दे की,” फादर म्हणाले. “पण आपली रीत विसरलात का? आज हाती धरलेलं सगळं पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी जाळायचं आणि ती राख कपाळाला लावायची. झेंड्यांना काडी तुम्हीच लावा, शेठ.”

पांढरेफटक पडलेले आमदार स्वतःच धावत सुटले, एकेकाच्या हातातला झेंडा हिसकावून घेत.