थोरल्या बाईंची बैठक

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जवळ सरकून ऐकावी.

एका राज्यात नदीकाठी एक वैद्यशाळा होती. तिथले गुरुजी हुशार होते, पण हेकट. कुणाला काही विचारायचे नाहीत. चुकून कुणी बोललंच, तर म्हणायचे, "तुला कुणी विचारलं?" त्यांच्या माघारी त्यांची शिष्या वैद्यशाळेची प्रमुख झाली. सगळे तिला थोरल्या बाई म्हणू लागले.

गुरुजींचं ते वाक्य बाईंनी कितीदा तरी ऐकलं होतं. त्यांनी मनाशी ठरवलं, आपण कुणालाही असं दुखवायचं नाही. इथलं प्रत्येक काम सगळ्यांना विचारूनच करायचं.

मग रोज सकाळी पडवीत बैठक बसू लागली. वैद्य यायचे, पेज शिजवणारी यायची, पाणक्या यायचा, काढे उकळणाऱ्या म्हाताऱ्या आत्या यायच्या. बाई प्रेमानं विचारायच्या, "कुणाला काही सांगायचंय का?" ज्यांना बोलायची हौस होती ते बोलायचे. झाडूवरून गोष्ट निघायची, ती कुणाच्या तरी मामाच्या लग्नावर जायची. चुलीवरची पेज करपायची. उठून जायला कुणी धजत नसे, कारण बाई इतक्या मायाळू! त्यांचं मन कसं मोडायचं?

बाईंना वाटायचं, सगळे बसलेत म्हणजे सगळे सुखी आहेत.

त्या वर्षी तापाची साथ आली. खाटा भरल्या, ओसरी भरली, तरी माणसं येतच होती. नव्या रुग्णांना ठेवायचं कुठे, हे ठरवायला बाईंनी सगळ्यांना बोलावलं. कुणी म्हणालं, नदीकाठी मांडव घालू. कुणी म्हणालं, मागच्या मांडवाला वाळवी लागली होती. मग वाळवीवर बोलणं सुरू झालं. ऊन पडवीत शिरलं, तरी काही ठरेना.

एवढ्यात आतल्या दारात एका आजारी पोरीची आई येऊन उभी राहिली. केस सुटलेले, डोळे रडून सुजलेले.

"बाई," ती म्हणाली, "माझी पोर मघापासून पाणी मागतेय. सगळी मडकी पालथी घातली, थेंब नाही. आत कुणीच नाही हो!"

पाणक्या घागर घेऊन विहिरीकडे धावला. बाई आत गेल्या. पोरीचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पाणी आल्यावर बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले आणि बाईंचं बोट मुठीत धरलं. तेव्हा बाईंना रडू आवरेना.

आत्या काढा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"आत्या," बाई म्हणाल्या, "तुम्ही रोज बैठकीत बसता. आत रुग्ण एकटे पडतात हे तुम्हाला दिसत असेल. कधी बोलला का नाहीत?"

आत्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरी, तू सगळ्यांना विचारायचीस. सगळ्यांना विचारलेलं माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही बघ. आत्या, तुम्ही सांगा, असं म्हणाली असतीस, तर बोलले असते."

दुसऱ्या दिवशी बाई उजाडताच उठल्या. कुणालाही बोलावण्याआधी एकट्याच साऱ्या खाटांजवळून फिरल्या. आज काय ठरवायचं आणि त्यासाठी कोण लागेल, याचा त्यांनी विचार केला. मग त्यांनी धाकटा वैद्य, पाणक्या आणि आत्या, एवढ्यांनाच अंगणात बोलावलं.

ज्येष्ठ वैद्यांचा चेहरा पडला. "मला वगळलंत?"

"वगळलं नाही, दादा," बाई म्हणाल्या. "आमचं होईपर्यंत रुग्ण तुमच्या हवाली आहेत. माझी आई आत असती, तर तिच्याजवळ मी तुम्हालाच बसवलं असतं. ठरेल ते आधी तुम्हाला येऊन सांगते. नाही पटलं तर बदलू."

दादा आत गेले आणि एका म्हाताऱ्याच्या उशाशी जाऊन बसले.

अंगणात बाई म्हणाल्या, "आज एकच ठरवायचंय. नव्या माणसांना ठेवायचं कुठे? पाणक्याभाऊ, आधी तुम्ही सांगा."

पाणक्या गोंधळला. मग म्हणाला, "विहिरीजवळचा गोठा रिकामा आहे, बाई. तिथं पाणी हाताशी राहील."

"गुरुजींच्या वेळी त्या गोठ्यात काय झालं माहितेय?" धाकटा वैद्य रंगात येऊन म्हणाला.

बाईंनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ती गोष्ट मला ऐकायचीच आहे. संध्याकाळी सांग. आत्ता आधी जागा ठरवू. आत्या, तुम्हाला काय वाटतं?"

"गोठा चांगला आहे," आत्या म्हणाल्या, "पण ओल फार. आधी शेकोटी करून कोरडा करायला हवा."

ठरलं. शेकोटी आत्या करणार, चटया धाकटा वैद्य आणणार, पाणी पाणक्या भरणार. दुपारपर्यंत गोठा तयार हवा. बाईंनी ज्याचं त्याचं काम त्याला पुन्हा एकदा सांगितलं आणि "चला" म्हटलं. चुलीवरच्या पेजेला अजून उकळीही फुटली नव्हती.

दादांना गोठा पटला. त्यांनी वाऱ्यासाठी भिंतीत एक खिडकी तेवढी पाडायला सांगितली.

साथ सरायला पुष्कळ दिवस लागले. सगळेच वाचले असं नाही. पण त्यानंतर पाणी मागून कुणाला वाट पाहावी लागली नाही, आणि जे गेले तेही कुणाचा तरी हात हातात असताना गेले. ती पोर बरी झाली आणि आईच्या कडेवर बसून, मागे वळून हात हलवत घरी गेली.

बोध: चार माणसांना बोलावण्याआधी आपण त्यांना कशासाठी बोलावतोय हे ठरवावं, ज्याचं ऐकायचं त्याला नावानं विचारावं आणि ठरलं की त्याला त्याच्या कामाकडे जाऊ द्यावं; माणसांचा मान राखणं म्हणतात ते हेच.