धूर तेवढा शेजाऱ्याचा

समुद्रकाठच्या एका गावात विश्राम नावाचा एक बागाईतदार राहत असे. आंबा-फणसांची त्याची बाग मोठी नेटकी. झाडाखाली वाळके पान म्हणून दिसायचे नाही. सारा पाला तो कुंपणाशी लोटी आणि सकाळीच पेटवून देई. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे धूर विश्रामच्या ओसरीकडे कधी फिरकत नसे. तो जाई कुंपणापलीकडे, सत्यभामाकाकूंच्या अंगणात.

काकू एकट्या. उन्हाळाभर त्या ताटांत आंबापोळी वाळत घालीत आणि तिच्यावरच त्यांचे वर्ष निभे.

एकदा त्या म्हणाल्या, "विश्राम, अरे, पोळीला धुराचा वास लागतो. दुपारी पेटवलेस तर?"

"काकू, धुराला का मी वाट दाखवतो?" विश्राम हसला.

"वाट नाही दाखवत; वेळ मात्र निवडतोस."

हा बोल त्याला झोंबला. पण सवय बोलाहून चिवट असते.

एके दिवशी ढीग पेटवून तो शेजारगावी लग्नाला घरच्यांसह निघून गेला. ज्वाळा खाली बसल्या, म्हणजे विस्तव विझला, असे त्याने धरले. राखेखाली निखारे जागेच होते. दुपारी वारा उलटला, आणि ठिणग्या थेट विश्रामच्या गोठ्याकडे निघाल्या. गोठ्यावर गवताचे छप्पर होते आणि आत गाभण गाय बांधलेली होती.

सायंकाळी विश्राम परतला. पाहतो तो छपराची एक बाजू कोळसा झालेली, दावे तुटलेले, गाय नाही! तो कुंपणाकडे धावला. काकूंच्या अंगणात गाय सुखरूप उभी होती. ताटे उपडी झाली होती, आणि ती निवांतपणे आंबापोळी चघळीत होती.

"काकू, तुमची पोळी…" तो म्हणाला.

"भ्यालेली होती रे बिचारी. म्हटले, खाऊ दे," काकू म्हणाल्या. त्यांचे हात काजळीने माखले होते.

कुंपणापाशी रिकामा हंडा लवंडलेला होता. "हा इथे कसा?" विश्रामने विचारले.

"तू पाला पेटवतोस, त्या प्रत्येक दिवशी भरून ठेवते मी. तू ठेवीत नाहीस ना, म्हणून."

विश्रामने मान खाली घातली. दुसऱ्याच दिवशी त्याने पिकल्या आंब्यांच्या पाट्या काकूंच्या ओसरीवर नेऊन ठेवल्या. मग गोठ्यापासून आणि कुंपणापासून दूर जागा साफ केली. बराचसा पाला त्याने झाडांच्या मुळांशी पुरला. कीड लागलेल्या फांद्या तेवढ्या जाळण्यासाठी वेगळ्या काढून वाळवल्या.

काही दिवसांनी, भर दुपारी, पाण्याचा हंडा शेजारी ठेवून त्याने हाक दिली, "काकू, पेटवू का?"

"पेटव," असे उत्तर आले, तेव्हाच त्याने काडी ओढली. धूर वळला तो त्याच्याच ओसरीकडे.

बायको खोकत बाहेर आली. "अहो, सगळा धूर आपल्या घरात शिरतोय!"

"फांद्या आपल्या, विस्तव आपला," विश्राम म्हणाला, "मग धूर तेवढा शेजाऱ्याचा कसा?"

तिने खिडकी लावून घेतली. विश्राम मात्र तेथून हलला नाही. शेवटी हंडा ओतून, राखेत हात घालून, ती गार लागली तेव्हाच तो उठला.

तात्पर्य: आपण पेटवलेल्या विस्तवाचा धूर आधी आपण सोसावा, शेजाऱ्याला विचारल्यावाचून काडी ओढू नये, आणि राख हाताला गार लागेपर्यंत तिच्याकडे पाठ फिरवू नये.