रेवंताबाईची बांधी

फार वर्षांपूर्वी, धानाच्या मुलखात खैरबोडी गावी रेवंताबाई नावाची मासेमार ढिवरीण राहत होती. मोडलेली हाडं बसवायची. नवरा पुरात नाव घेऊन गेला तो आलाच नाही, आणि तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. दिवसभर तलावाच्या पाळीवर येरझारा.

त्या काळी सारसाची जोडी दिसल्याशिवाय वरात गावात शिरत नसे. जोडीतलं एक मेलं की दुसरं अन्नपाणी सोडतं, असं म्हणतात.

एका श्रावणात मालगुजाराच्या पाहुण्याने बंदूक झाडली आणि नराचा पंख मोडला. मादी धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, अंड्यांवर बसून टाहो फोडत राहिली. तो ऐकून गाई पान्हा चोरू लागल्या, असं म्हणतात. रेवंताबाईने नराला उचलून घरी आणलं, बांबूच्या कामट्या लावून पंख बांधला. पण तो दाणा टिपेना. मान सारखी शेताकडे.

मग पावसाची झड लागली. तलाव काठोकाठ भरला. भर दुपारी गावचा पाटील धावत आला.

"तलावाचं पानी बांध्यांत सोडतो, रेवंताबाई. पाळ फुटली तं गाव जाईल."

"सोडा. गाव जाऊ नये. पन मले आधी त्या घरट्यापाशी पोहचू द्या."

ती बांधीत उतरली. मादीने चोचीने तिचे हात फोडले, तरी तिने अख्खं घरटं उचलून डोक्यावर घेतलं. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. तेवढ्यात बांधलेल्या पंखाचा नर दार ढकलून आला आणि पाण्यात तिला खेटून उभा राहिला. दुसऱ्या बाजूला मादी. लोंढा त्या तिघांना वळसा घालून गेला, असं म्हणतात. पाणी ओसरलं तेव्हा तिच्या डोक्यावर पिल्लं चिवचिवत होती.

म्हातारपणीही ती स्वस्थ बसली नाही. घरटी शोधत धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधाबांधाने फिरायची. एके दिवशी फिरता फिरता दिसेनाशी झाली.

आजही खैरबोडीत धानाच्या रोवणीआधी सगळ्यांत वडील बाई धुऱ्यावर उभी राहून हाक देते, "रेवंताबाई, कोणची बांधी सोडू?" सारस जिथून ओरडेल ती बांधी कुणी रोवत नाही. तिच्या मालकाला घरोघरचं सूपभर धान मिळतं.

अलीकडे कित्येक वर्षं सारसाचं उत्तर आलेलं नाही. बाया बराच वेळ कान देऊन थांबतात. मग आपल्याच मनाने एक बांधी मोकळी सोडतात आणि रोवणीला वाकतात.