मातीतून आलेली हाक

कोणे एके काळी म्हणा, नाहीतर तुमच्या खापरपणज्याच्या काळी म्हणा, नदीच्या वळणावर कुंभारांचं एक गाव होतं. तिथे जे घडलं ते सांगताना आजही माझी जीभ अडखळते. पण सांगायलाच हवं, कारण ती माणसं वाईट नव्हती हो! वाईट असती तर गोष्ट सोपी होती.

या गावात तुळाजी नावाचा कुंभार होता. हातात कसब, पण डोकं म्हणजे पेटलेली भट्टी. गिऱ्हाईकानं मडकं दोनदा वाजवून बघितलं, की हा ते हिसकावून त्याच्याच पायाशी फोडायचा. घरात तो आणि त्याची म्हातारी आई भिवरा, दोघंच. तिनं लेकाचा तोंडाचा पट्टा सोसला, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली आणि त्याच्यासाठी माती मळत राहिली.

एका पावसाळ्यात एक भिक्खू गावाबाहेर झोपडी घालून राहिले. पावसाचे महिने त्यांना एका जागी काढायचे होते. तुळाजी त्यांच्यापुढे जाऊन बसला.

"भन्ते, माझ्या रागाचं काहीतरी करा. आज मडकी फुटतात, उद्या कुणाचं तरी डोकं फुटायचं."

भिक्खू म्हणाले, "रोज सकाळी डोळे मिटून बस. कुणी काही बोललं, तर 'आवाज आला' एवढंच मनात म्हण. राग उसळला, तर 'राग आला' म्हण. त्याच्यामागे धावू नकोस. आला तसा तो जाईल."

आणि खरंच गेला की! तुळाजी असा निवळला की गाव बघतच राहिलं. मग काय, पाटलांपासून पारूकाकूपर्यंत सगळेच बसायला लागले. बांधावरची भांडणं थांबली. सासवा-सुना एका चुलीपाशी हसायला लागल्या. पावसाळा सरला आणि भिक्खू गावाचा निरोप घेऊन पुढे गेले.

इथवर सगळं छान. पण माणसाला चांगली गोष्ट मिळाली, की तिची शर्यत लावल्याशिवाय त्याला चैन पडतं का? पाटलांनी नेम घालून दिला. सूर्य उगवला की ते पितळी थाळी वाजवणार. सगळ्यांनी आपापल्या ओट्यावर डोळे मिटून बसायचं. दुसरी थाळी वाजली, की 'सगळे जीव सुखी होवोत' असं एका सुरात म्हणून उठायचं. मधेच कुणी उठलं, तर त्याला दिवसभर 'कच्चं मडकं' म्हणून चिडवायचं! मिशीवाले बाप्येसुद्धा त्या नावाला भ्यायचे. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या पायावर मुंगळे चढले, पण उठलं कुणी नाही. आणि या सगळ्यांत पक्का कोण, तर तुळाजी. गावाला त्याचं कौतुक होतं, आणि खरं सांगू? त्याला स्वतःलाही होतं.

भिवरा मात्र बसायची नाही. "माझे गुडघे कधीचेच ध्यानाला बसलेत," म्हणायची आणि कामाला लागायची.

गावाला लागूनच मातीची खाण होती. चांगली चिकण माती खालच्या थरात, त्यामुळे कडा पोखरत आत शिरावं लागे. म्हणून गावचा जुना दंडक होता: एकानं खणायचं आणि दुसऱ्यानं वर उभं राहून कड्यावर नजर ठेवायची. खाणीत एकट्यानं उतरायचं नाही.

त्या सकाळी घरातली माती संपली होती.

"आई, बसून उठलो की आपण दोघं जाऊ," तुळाजी म्हणाला.

"ऊन चढलं की मला वाकवत नाही रे," भिवरा म्हणाली.

तेवढ्यात थाळी वाजली. तुळाजीनं डोळे मिटले. भिवरानं आळीभर नजर फिरवली. वर उभं राहायला कुणी मिळतंय का बघितलं. सगळे डोळे मिटून बसलेले! तिनं पाटी आणि कुदळ उचलली आणि ती एकटीच गेली.

थोड्या वेळानं तुळाजीच्या कानावर धप्पकन काहीतरी पडल्यासारखं आलं. 'आवाज आला,' तो मनात म्हणाला.

मग हाक आली. "तुळ्या! अरे तुळ्या, धाव!"

आवाज आईचा होता, ते त्याला कळलं. पाटी उचलू लागायला बोलावत असेल, असंही वाटलं. हाक पुन्हा आली, या वेळी चिरकी. त्याचे पाय आपोआप ताठले. उठावंसं वाटलं, फार वाटलं. 'ओढ आली,' तो मनात म्हणाला. शेजारी पारूकाकू बसली होती, समोर पाटील बसले होते. तो हलला नाही. हाका येत राहिल्या, बारीक होत गेल्या आणि थांबल्या.

'गेला आवाज,' तुळाजी म्हणाला. आणि काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी त्याला आनंद झाला! इतकं अवघड काहीतरी आपल्याला जमलं, असं त्याला वाटलं.

दुसरी थाळी वाजली. सारं गाव एका सुरात म्हणालं, "सगळे जीव सुखी होवोत."

तुळाजीनं डोळे उघडले. घरात आई नव्हती. पाटी नव्हती, कुदळही नव्हती. तो खाणीकडे पळत सुटला आणि त्याच्यामागे गाव.

कडा खाली आला होता. ढिगाऱ्यातून भिवराचं तोंड आणि एक हात तेवढा बाहेर होता. कुदळ चालवायची कुणाची छाती झाली नाही. सगळ्यांनी नखांनी माती उपसली. म्हातारीचा श्वास चालू होता, पण दोन्ही पाय चेचले होते.

तिला घरी आणून निजवलं. अंगणात कुणी कुणाकडे बघेना. शेवटी पारूकाकूच्या तोंडून शब्द फुटले.

"मी ऐकलं होतं रे. 'पारू, अगं पारू' म्हणून तिनं मला हाक मारली होती."

"मलाही मारली," पाटील म्हणाले.

"मलाही." "माझंही नाव घेतलं तिनं."

अरे देवा! म्हातारीनं एकेकाचं नाव घेऊन साऱ्या गावाला हाका मारल्या होत्या. साऱ्या गावानं त्या ऐकल्या होत्या. आणि सारं गाव शांत बसलं होतं!

बातमी कळली तसे भिक्खू आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ऐकलंत? आणि बसून राहिलात?"

"भन्ते, तुम्हीच म्हणाला होता, आवाजामागे धावू नका," तुळाजी रडत म्हणाला.

"कुणी शिवी दिली तर तिच्यामागे धावू नकोस म्हणालो होतो रे! आईच्या हाकेमागे धावू नकोस असं कधी म्हणालो? मन निवळायचं ते कशासाठी? राग मधे आला की माणसाला दुसऱ्याचं दुःख ऐकू येत नाही. तो मधला राग दूर व्हावा, एवढ्याचसाठी ते बसणं होतं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "चूक माझीही आहे. मी तुम्हाला बसायला शिकवलं. उठायला शिकवायचं राहून गेलं."

त्या दिवसापासून पाटलांनी थाळी वाजवणं बंद केलं. लोक अजूनही सकाळी बसतात, पण हाक आली की आधी उठतात. कुणी कुणाला चिडवत नाही.

भिवरा जगली, पण तिचे पाय गेले ते गेलेच. तुळाजी तिचं सगळं करायचा. एकदा तो चाकावर बसला होता. मागे काही सरपटल्यासारखं वाटलं म्हणून त्यानं वळून पाहिलं. आई हातांवर अंग ओढत पाण्याच्या माठाकडे निघाली होती, त्याच्यापासून चार हातांवरून.

तुळाजी धावला. तिला उचलून घेत म्हणाला, "आई, अगं मी इथेच होतो ना! हाक का नाही मारलीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती एवढंच म्हणाली, "मारली होती रे बाळा."

पुढे ती पुष्कळ वर्षं जगली. पण खाणीतल्या त्या हाकांनंतर तिनं कुणालाच कधी हाक मारली नाही. आणि तुळाजी जन्मभर ती एक हाक यावी म्हणून कान देऊन बसला.

बोध एवढाच: मन शांत करायचं ते दुसऱ्याची हाक लवकर ऐकू यावी म्हणून; ऐकूनही जी शांती जागची हलत नाही, ती शांती नव्हे, निर्दयपणा आहे.