करंजाच्या वळणावरचा वारा

"मग तुम्हीच सांगा वस्ताद, खरी सायकल कुठली? डांबरावरची का डोंगरातली?"

धैर्यशीलने पुन्हा एकदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद पायरीवर बसून चिंचा सोलत होते. त्यांनी चिंचोका काढून बाजूला टाकला, गर परातीत ठेवला आणि दुसरी चिंच उचलली.

...

हे वस्ताद कुस्तीतले नव्हेत. कोल्हापूरकडे गुरू म्हटला की तो वस्तादच, मग लाल मातीतला असो की दोन चाकांवरचा. दस्तगीर वस्तादांनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली आणि सायकलच्या शर्यतींसाठी पोरं तयार केली. निवृत्तीनंतर करंजघाटाच्या माथ्यावर, पीराच्या दर्ग्याशेजारी दोन खोल्या बांधून राहिले. बोलणं मुळातच बेताचं होतं, वर आल्यावर आणखी आटलं.

शिष्यांनी मात्र त्यांना सोडलं नव्हतं. दर रविवारी सकाळी सगळे सायकली हाणत वर येत. फरक इतकाच, की आता त्यांच्यात दोन तट पडले होते.

एक तट डांबरवाल्यांचा. यांचे टायर बारीक, सायकली चकचकीत, कपडे अंगाला चिकटलेले. हे घाटरस्त्याने येत.

दुसरा तट धोंडेवाल्यांचा. यांचे टायर जाड, चिखल कानापर्यंत, आणि गुडघ्याची एक खपली निघेपर्यंत दुसरी तयार. हे जुन्या काळी बैल चढायचे त्या पायवाटेने, झाडीतून आणि दगडधोंड्यांतून येत.

माथ्यावर गाठ पडली की तोंडाचे पट्टे सुटत. डांबरवाले म्हणत, अर्धा डोंगर सायकल खांद्यावर घेऊन चढता, तर तिला घरीच का नाही ठेवून येत? धोंडेवाले म्हणत, तुमचं बरं आहे बाबांनो, डांबर संपलं की जग संपलं. भांडण लटकंच असे. पोहे सगळे एकाच कढईतले खात.

वस्तादांनी एकच नियम घालून दिला होता. जो तट आधी पोचेल, त्याने दुसरा तट येईपर्यंत चहाला तोंड लावायचं नाही. त्यामुळे जिंकणाऱ्याचाच घसा कोरडा राही. असं का, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

सगळ्यांना या प्रकाराची गंमत वाटे. धैर्यशील सावेकर हसण्यात सामील होई, पण त्याला तेवढी गंमत वाटत नसे.

कारण धोंडेवाल्यांत पारस मगदूम होता.

धैर्यशील आणि पारस एका शाळेतले, एका बाकावरचे. दोघांना एकामागे एक सायकल हाणायला वस्तादांनीच शिकवलं होतं. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा. मागच्याने त्याच्या चाकाला चाक लावून आडोशाने यायचं. पुढचा दमला की त्याने उजवं कोपर जरा बाहेर हलवायचं, मग मागच्याने पुढे जाऊन वारा आपल्या अंगावर घ्यायचा. तोंडाने काही बोलायचं नाही, बोलण्यात दम जातो.

अशी दोघांनी वर्षं काढली. एकमेकांची पाठ त्यांना तोंडापेक्षा जास्त पाठ झाली असेल.

मग एका रविवारी पारस करंजाच्या वळणावर थांबला. तिथून झाडीतली ती पायवाट अगदी जवळ दिसते. तिच्याकडे बघत तो म्हणाला, एकदा हिकडनं जाऊन बघायचंय. धैर्यशीलने चेष्टा केली. महिन्याभराने पारसने जाड टायरची सायकल घेतली. धैर्यशीलने आणखी चेष्टा केली. चेष्टेत एक सोय असते. ती चालू असेपर्यंत आपण किती दुखावलोय हे समोरच्याला कळत नाही, आणि आपल्यालाही कळत नाही.

त्याला खात्री होती की दोन-चार आठवड्यांत हौस फिटेल आणि गडी मुकाट परत येईल.

गडी आला नाही.

दर रविवारी पारस हसून म्हणे, ये की एकदा आमच्याकडनं. धैर्यशीलही हसून म्हणे, तूच ये की, रस्ता विसरला नसशील तर. दोघे हसत, आणि पुढच्या रविवारी आपापल्या बाजूने वर येत.

आता पारस निघाला होता. हिमाचलात पर्यटकांना डोंगरातून सायकलींवर फिरवायचं काम त्याला मिळालं होतं. उद्याचा रविवार त्याचा इथला शेवटचा.

म्हणून आज शनिवारी, भर दुपारी, धैर्यशील एकटाच घाट चढून वर आला होता.

"निकाल द्या वस्ताद. डांबर खरं असं तुम्ही म्हणालात की उद्या पारसला डांबरानं यावं लागेल. तुमचा शब्द तो मोडायचा नाही."

"आन मी डोंगर म्हणलो तर?"

हे धैर्यशीलने हिशोबात धरलंच नव्हतं. वस्तादांनी शिकवलं ते डांबरावर, मग निकाल दुसरा लागेलच कसा? तो तसं म्हणालाही.

वस्तादांनी बोटाला चिकटलेली चिंचेची शीर सोडवली.

"त्यो यायचा माझ्या शब्दाखातर... आन सोबत तुला?"

...

धैर्यशीलने पायरीवरचा एक चिंचोका उचलून लांब भिरकावला. थोड्या वेळाने वस्तादांनीच मान वर केली.

"पायथ्याला जा. तिथनं वर ये. मग बघू."

हे मात्र धैर्यशीलला पसंत पडलं. बोलण्यात वस्तादांना कोण जिंकणार? पण उत्तर पायांनी द्यायचं असेल तर त्याच्यासारखा दुसरा नव्हता. घाटात त्याला गाठणारं हल्ली कोणी उरलं नव्हतं. तो कायम पुढे असे आणि बाकीचे डांबरवाले दोन वळणं मागे. हे तो स्वतः विसरत नसे आणि इतरांनाही विसरू देत नसे.

तो भन्नाट खाली गेला. पायथ्याच्या उसाच्या मळ्यापाशी सायकल वळवली आणि चढायला लागला.

आज वस्तादांना दाखवायचंच, असं ठरवून तो चढत होता. मळे मागे पडले, ऊन पाठीवर आलं, श्वास लयीत बसला. डांबर कसं खरं आहे ते बघा म्हणावं. इथे लबाडी चालत नाही, दगड आडवा आला अशी सबब चालत नाही. तुम्ही, चढ आणि तुमचे पाय, बस्स.

करंजाच्या वळणावर नेहमीचा वारा आडवा आला. हा दरीतून उठतो आणि थेट छातीवर बसतो. आज तर तो हट्टालाच पेटला होता. धैर्यशीलने मान खाली घातली आणि दात-ओठ खात रेटत राहिला.

डोक्यात उद्याचं चाललं होतं. उद्या आपण आधी पोचणार, चहा समोर ठेवून बसणार. मग धोंडेवाले येणार. चिखलाने माखलेला पारस हेल्मेट काढणार, काहीतरी टोमणा मारणार, आपणही मारणार. पोहे होतील. मग तो जाणार. त्याच्या पुढच्या रविवारी काय होणार, हे मात्र त्याला दिसेना.

वळण मागे पडलं. तो माथ्यावर आला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता.

वस्ताद आता कड्याजवळच्या कठड्यावर परात घेऊन बसले होते. तिथून घाटाची सगळी वळणं तळहातावरच्या रेषांसारखी दिसतात.

"कसा आलो?"

"झ्याक आलास."

धैर्यशील खूश झाला. आता निकाल येणार म्हणून त्याने हेल्मेट काढलं.

"पर करंजाच्या वळणाला ह्ये काय केलंस?"

आणि वस्तादांनी आपलं उजवं कोपर जरा बाहेर हलवलं.

...

"कुठं काय? मी काही केलं नाही."

"केलंस."

"वस्ताद, एकटा तर होतो मी."

"त्येच म्हणतोय. मागं कोण हुतं?"

धैर्यशीलने वळून खाली पाहिलं. बघण्यासारखं काही नाही हे ठाऊक असूनही पाहिलं. रस्ता माथ्यापासून पायथ्यापर्यंत रिकामा होता.

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. म्हणजे हा हात प्रत्येक वेळी हलतो? दर रविवारी, त्याच वळणावर? मागे कोणी नसताना, आपल्याला पत्ता न लागू देता?

त्याला पारसची फार आठवण आली.  माणूस अजून गाव सोडून गेलाही नव्हता, उद्या सकाळी दिसणारच होता, आणि तरी आली. तो गेल्यावर येणार होती ती ही नव्हे. ही कितीतरी दिवस साठत आलेली होती.

"सवय आहे," तो म्हणाला.

"व्हय," वस्ताद म्हणाले.

ते पुन्हा चिंचेकडे वळले. खाली कुठेतरी एक पावशा ओरडत होता. धैर्यशीलने सायकल कठड्याला टेकवली आणि तोही बसला.

तो पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजात ऐट नव्हती.

"मला त्याच्याकडनं काही नको, वस्ताद. उद्या एकदाच यावं त्यानं. मी पुढं राहतो. पायथ्यापासनं माथ्यापर्यंत सगळा वारा मी घेतो. त्यानं नुसतं माझ्या चाकाला लागून यावं. एकदासुद्धा त्याला पुढं ये म्हणणार नाही."

हे त्याने फार मोठ्या मनाने म्हटलं होतं.

"मग त्यो यील कशाला?" वस्ताद म्हणाले.

...

 धैर्यशीलला काही तरी लागलं, पण कुठे ते सांगता आलं नसतं. त्याने विषय बदलला. पारस तुमचा निरोप घ्यायला आला होता का, असं विचारलं.

"काल आलता. पाया पडला. ह्या चिंचा त्यानंच पाडल्या."

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"न्हाई."

धैर्यशीलने मान हलवली. आपण विचारायलाच नको होतं असं त्याला झालं.

"करंजाच्या वळणाला वारा हल्ली कसा आस्तो, म्हनून इचारत हुता," वस्ताद म्हणाले.

धैर्यशीलने झटकन वर पाहिलं.

पायवाट सगळी झाडीतून जाते. तिथे दगड असतो, मूळ असतं, घसारा असतो, पण वारा लागत नाही. वाऱ्याची चौकशी डांबरवाल्याने करावी. पारसचं त्याच्याशी असलेलं देणंघेणं संपून कितीतरी पावसाळे झाले होते.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हणलं, मला काय ठावं? मी हितं बसल्याला माणूस. जो चढतो त्येला इचार."

"मला नाही विचारलं त्यानं."

"न्हाई. आन तू तरी कुठं त्येला कायतर सांगितलंस?"

ऊन उतरायला लागलं होतं. खाली मळ्यांच्या पलीकडे पारसचं गाव दिसत होतं. त्यातलं कौलारू घर कुठलं, हे धैर्यशील डोळे झाकून दाखवू शकला असता. लहानपणी त्या घरात तो इतका जेवला होता, की पारसची आई त्याचं ताट न विचारता मांडत असे. अलीकडे ती गल्ली आली की तो दुसऱ्याच रस्त्याला लागे.

त्याने खिशातून मोबाईल काढला. पारसच्या नावावर बोट नेलं. तिथेच ठेवलं. मग मोबाईल वस्तादांसमोर धरला.

"तुम्हीच बोला वस्ताद. दोन शब्द. निकाल नको, काही नको. उद्या धैर्याबरोबर ये, एवढंच. तुमचं तो ऐकेल."

वस्तादांनी आपले दोन्ही हात पुढे केले. मनगटापर्यंत चिंचेने बरबटलेले. ते त्यांनी तसेच धरून ठेवले.

...

धैर्यशीलने मोबाईल खिशात टाकला. हसू आलं त्याला थोडं, आणि डोळेही भरले. दोन्ही त्याने लपवलं नाही.

"फोनवर नाही जमायचं तसंही," तो म्हणाला. "घरीच जातो. दारात उभा राहून सांगतो. तुझ्या दगडांतनं म्हणशील तर तिकडनं येतो. नाही तर तू माझ्याबरोबर ये. काही का असेना, उद्या तुझ्याबरोबर यायचंय मला."

 वस्ताद परातीतला गर एका बाजूला गोळा करत होते.

त्याने हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. सायकलवर टांग टाकली. एक पाय पेडलवर आणि एक जमिनीवर, असा तो उभा राहिला. घाटात कुणाच्या बापाला न भिणारा हा गडी, पण जमिनीवरचा पाय काही उचलेना.

"वस्ताद..."

"हां."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

वस्तादांनी चिंच खाली ठेवली. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तर 'न्हाई' ऐकून घे, लेका... आवाज तर त्येचाच आसंल."