ओल्या टरफलांचा आळ

काजूच्या बागांमधल्या एका गावात भार्गव आठल्ये नावाचा रसायनज्ञ येऊन राहिला होता. काजूच्या टरफलात काळं, झोंबरं तेल असतं. कातडीला लागलं की फोड आलाच. त्या तेलापासून बोटींच्या इंजिनात चालेल असं इंधन करायचं, हा भार्गवचा ध्यास. त्याने भट्टी उभारली आणि तिच्यात धातूचे खास दाणे भरले. तापलेलं तेल हायड्रोजन वायूबरोबर या दाण्यांवरून गेलं, की त्यातला प्राणवायू सुटून जाई आणि नळीतून नितळ इंधन ठिबके.

दाण्यांचं एक पथ्य मात्र होतं. काम करून त्यांच्यावर काजळी बसे. ती थोडी थोडी हवा सोडत, मंद आचेवर, सावकाश जाळावी लागे.

टरफलं पुरवायच्या गावातल्या बायका. सुलोचना गावडे त्यांच्या गटाची प्रमुख. मच्छीमार सोसायटीने इंधन घ्यायचं ठरवलं, तर या बायकांना पावसाळ्यातही काम मिळणार होतं. सोसायटीची माणसं पाहायला येणार, तर आदल्याच दिवशी दाण्यांवर काजळी धरली. भार्गवला धीर कुठला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याने हवेची तोटी पुरती उघडली. काजळी भडकली, दाणे लालभडक झाले आणि एकमेकांना चिकटून कायमचे निकामी झाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नळीतून काळा चिकटा आला.

"ह्या काय?" सोसायटीचे अध्यक्ष दामोदर तांडेल यांनी विचारलं.

भार्गवला कारण पक्कं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "टरफलं ओली आली."

नाचता येईना, अंगण वाकडं! सगळ्यांचे डोळे बायकांकडे वळले. सुलोचनाने मान खाली घातली. तांडेलांनी पुन्हा एकदा येऊन बघायचं कबूल केलं, पण जाताना ते बायकांशी बोललेसुद्धा नाहीत.

भार्गवने गुपचूप नवे दाणे भरले. काही दिवसांनी सुलोचना टोपली घेऊन आली.

"सायबानू, चूक आमची झाली. आता एकेक टरफल पुसून सुकयला. परत करून बघा."

टोपली धरलेल्या तिच्या हातांची सालं निघाली होती. भार्गवने ते पाहिलं. खरं बोलायला हवं होतं. स्वतःची लाज वाटली, तरी त्याने टोपली घेतलीच.

या वेळी सोसायटीच्या लोकांसमोर इंधन नितळ उतरलं. तांडेल खूश झाले. "बायकांनी मनावर घेतला, काम झाला!" त्यांनी मागणी पक्की केली. बायका हसल्या, कुणीतरी माफी दिल्यासारख्या. ते हसणं पाहून भार्गव मेल्याहून मेल्यासारखा झाला. आता गप्प राहिलं तर खोटं जन्मभर खरं ठरणार होतं.

"टरफलं पहिल्या वेळीही कोरडीच होती," तो कसाबसा म्हणाला. "घाईत दाणे मी जाळले, आणि आळ तुमच्यावर घातला."

तांडेलांनी मान फिरवली. सुलोचना पुढे आली.

"सायबानू, हात भरान येतले," ती म्हणाली. "पन शेवंतीच्या घराकडे ऊन येणा नाय, म्हणान टरफला तिचीच ओली, असा आमी ठरवला. ती रडत होती, तरी तिका गटातसून काढली. आता तिच्या दारात कोण जातलो?"

भार्गव गेला. शेवंती चुलीपुढे बसली होती. त्याने सगळं सांगितलं, हात जोडले. तिने ऐकून घेतलं. 'बसा' काही म्हणाली नाही.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली, की ती तिथेच थांबत नाही, पुढे ती कुणाचं घर गाठेल, ते मारणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून चूक घडल्या क्षणीच कबूल करावी.