कच्ची बैठक

"मग कमी काय आहे सर, तेवढं तरी सांगा ना."

विश्वजित इंगवले सकाळपासून हेच विचारत होता. हुद्दार सर त्याच्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे होते.

चित्र मोठं होतं. सराव आटोपून, दमून बाकावर बसलेला एक पैलवान गडी. रंग झकास जमले होते. अंगावरचा घाम तर असा चकाकत होता की वर्गातल्या पोरी लांबूनच नाक धरायच्या आणि विश्वजितला ती दाद वाटायची.

सर एक पाऊल मागे सरले.

"बैठक," ते म्हणाले.

"काय सर?"

"कच्ची आहे."

एवढं बोलून ते चहाला निघून गेले.

हुद्दार सरांचं बोलणं हे असंच असायचं. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा स्टुडिओ त्यांच्याकडे होता. पोरांनी तासभर डोकं खाल्लं की एखादा शब्द पदरात पडायचा, आणि पोरं तो शब्द आठवडाभर चघळत बसायची.

पण त्यांच्या शब्दाशिवाय चालणारही नव्हतं. मुंबईच्या प्रदर्शनाला कॉलेजातून एकच चित्र जायचं आणि ते सर निवडायचे. टेम्पो महिनाअखेरीस येणार होता.

विश्वजितच्या गावात तर निवड होऊनही गेली होती. चौकात फ्लेक्स झळकत होता: 'चित्रकलेतला ढाण्या वाघ विश्वजितदादा यांची मुंबईला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून झाडून सगळे चुलतभाऊ, त्यातले निम्मे गॉगल लावून. फ्लेक्स वडिलांनी लावला होता. त्यांना थांबवावं असं विश्वजितच्या मनातही आलं नव्हतं. आपल्याशिवाय दुसरं कुणाचं चित्र जाणार, असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि आता हे… बैठक कच्ची.

तो विचार करू लागला. चित्रात तर काही कमी असणं शक्य नव्हतं. मग कमी होती ती त्याच्या शरीरात.

हे वाटतं तितकं वेड्यासारखं नव्हतं. रेघ मनगटातून नाही, खांद्यातून ओढायची, हे सर पहिल्या वर्षापासून सांगत आले होते. खांद्यानंतर मांड्यांची पाळी येणार, हे ओघानंच आलं. त्यात भिंतीपलीकडे खेळाडूंना तयार करण्याचा पदवीवर्ग होता आणि सर 'बैठक' म्हणाले तेव्हा तिकडून "बैठक… खाली! वर! खाली!" असा पुकारा चालू होता. याहून उघड खूण ती कोणती हवी?

विश्वजित तडक भिंतीपलीकडे गेला.

जमादार मॅडम मैदानाच्या कडेला शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. खेळाडूंचा सराव, दुखापती, पट्ट्या, शेक, सगळं त्या शिकवायच्या. त्यांनी विश्वजितला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खालपाशी जरा थांबल्या.

"हे पाय हायेत का ब्रश?"

"मॅडम, माझी बैठक कच्ची आहे, असं सर म्हणाले."

"दिसतंयच की. बस बघू खाली… आणि खाली. अरे, ही बैठक न्हवं, हे लाजणं झालं."

विश्वजित आणखी खाली गेला आणि वर यायचा राहिला.

मॅडमचा चेहरा उजळला. दुखापतीच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांना कधीपासून एक माणूस हवा होता. खेळाडू पोरं धडधाकट, त्यांना काही होतच नव्हतं.

"या रे सगळे इकडं!" त्यांनी हाक मारली. "पुस्तकात जो स्नायू तुम्हाला सापडत न्हवता ना, तो ह्या पोरात पण सापडत न्हाई बघा. या, बघून घ्या."

तेव्हापासून विश्वजित रोज तिकडे जाऊ लागला. सकाळी बैठका काढायच्या आणि दुपारी मॅडमच्या विद्यार्थ्यांपुढे आडवं पडायचं. एक जण गुडघ्याला पट्टी बांधायचा, दुसरा ती चुकली म्हणून सोडायचा, तिसरा बर्फाची पिशवी ठेवून जेवायला निघून जायचा. आजवर विश्वजितने समोर माणसं बसवून त्यांची चित्रं काढली होती. आता तोच समोर पडला होता आणि सगळे त्याच्यात चुका काढत होते.

चित्राला त्याने त्या दिवसांत हातही लावला नाही. त्याच्या मते चित्र झालेलंच होतं.

टेम्पो यायचा दिवस उजाडला. विश्वजित भिंतीला धरून, खेकड्यासारखा आडवा चालत स्टुडिओत शिरला. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या. दप्तर त्याने दारातच टाकलं, कारण ते घेऊन पुढे येण्याची ताकद नव्हती.

सर खिडकीपाशी होते.

"काय झालं?"

"बैठका झाल्या सर."

"कसल्या?"

"तुम्हीच म्हणाला होता… कच्ची आहे म्हणून. आता पक्की झाली. जमादार मॅडमना विचारा."

सरांनी त्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग भिंतीपलीकडे पाहिलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण ते हसले असं कुणाला म्हणता आलं नसतं.

त्यांनी चित्रासमोरचं बुटकं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बस."

विश्वजित बसला. म्हणजे अर्ध्यापर्यंत बसला आणि पुढचं स्टुलावर सोडून दिलं. धप्प आवाज झाला.

सर चहाला गेले.

थोड्या वेळाने विश्वजित उठायला गेला. पाय उठले नाहीत. त्याने पुन्हा जोर लावला. मांड्यांनी साफ नकार दिला.

स्टुडिओत कुणी नव्हतं. सगळी पोरं खालच्या हॉलमध्ये होती. हाक मारावी तर वाघाची अब्रू जाणार. फोन दारातल्या दप्तरात. बघायला समोर फक्त आपलंच चित्र होतं.

आधी त्याने कौतुकाने पाहिलं. ते लवकर संपलं.

मग नुसतं पाहिलं…

मग त्याला कंटाळा आला. एवढा वेळ तो स्वतःच्या चित्रासमोर कधी बसलाच नव्हता. एका दमात चित्र उरकायचं आणि हात झटकून उठायचं, ही तर त्याची शेखी होती. हेही तसंच केलेलं. बाकावर बसवलेल्या पैलवानाला तालमीला जायचं होतं, म्हणून तो लवकर उठून गेला आणि उरलेला विश्वजितने मनाने रंगवला.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं.

स्टूल कुरकुरत होतं. विश्वजितच्या मांड्या फाकल्या होत्या, पाठीला पोक आलं होतं, एक पंजा गुडघ्यावर लोळागोळा पडला होता. अंगाचं सगळं ओझं बुडाखाली जमा झालं होतं आणि लाकूड ते सोसत होतं.

आणि चित्रातला गडी?

त्याच्या मांड्या कशा गोल, घोटीव. पाठ ताठ. बाकाला तर आपल्यावर कुणी बसलंय याचा पत्ताच नव्हता. घाम सगळा खरा होता, पण दमणूक कुठेच नव्हती. तो गडी बाकावर टेकलेलाच नव्हता.



कुणाला दिसणार नाही, असं विश्वजितला वाटलं. मुंबईत घामच बघतील. घरी वडील सगळ्यांना पेढे वाटतील. संध्याकाळी टेम्पो येईल, चित्र जाईल, संपलं.

पण त्याला दिसलं होतं. त्याचं आता काही करता येत नव्हतं, कारण तोंड फिरवून निघून जायलाही पाय लागतात.

रंग खरवडायची सुरी हाताशीच होती. ती उचलताना त्याला चक्क रडू आलं. त्याने रडतरडतच पैलवान कमरेपासून खाली खरवडून काढला, तशी ती पाठही खोटी दिसू लागली. मग तीही काढली.

मग त्याने ब्रश घेतला आणि स्वतःच्या मांड्यांकडे बघत, एकेक रेघ थांबून, पुन्हा बघून, रंगवायला लागला.

सर परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मागे टेम्पोचा माणूस दोर घेऊन उभा होता.

"हेच न्यायचं का?" त्याने विचारलं.

सरांनी कॅनव्हासच्या कडेला बोट लावलं. बोटाला रंग आला.

"ओलं आहे," ते म्हणाले. "खालच्या हॉलमधून चौगुलेंच्या मुलीचं चित्र ने. मडक्यांचं आहे ते."

माणूस गेला. विश्वजितला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. घरी काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. तरी हात थांबला नाही. मांडी बाकाला जिथे टेकते ती एवढीशी जागा त्याला कशीबशी गवसली होती आणि ती सोडायची त्याची तयारी नव्हती.

टेम्पो फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज आला…

"सर, एक विचारू?"

"हं."

"तुम्हाला त्या दिवशी नेमकी कोणती बैठक म्हणायची होती? मांड्यांची? या गड्याची? का माझी… एका जागी बसायची?"

सरांनी बोटाचा रंग फडक्याला पुसला.

"उठता येतंय का?"

विश्वजितने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून सगळा जोर लावला. स्टूल करकरलं.

"नाही सर."

"मग तीच."